शुक्रवारची कोरी ओळ

खुर्चीत बसायचं आणि अंगठा टेकवायचा, एवढंच पेशंटकडे काम उरलं होतं. अंगातून किती पाणी काढायचं, रक्त किती वेगानं फिरवायचं, हे डायलिसिसचं यंत्र त्या माणसाची मागची नोंद नेटवर्कवरून वाचून स्वतःच ठरवत असे. सिस्टर फक्त सुया टोचत. कंपनीची अशी एकशे चाळीस केंद्रं होती आणि सगळ्यांच्या नोंदी कोल्हापुरातल्या सर्व्हरवर होत्या. नोंद सापडली नाही तर यंत्र सुरूच होत नसे. सुरक्षेसाठीच तशी सोय केलेली होती.

मार्चमधल्या एका शुक्रवारी सर्व्हर कोसळले. बॅकअपमधून सगळं परत उतरवायला नऊ तास लागले. तेवढ्या वेळात पाच माणसं गेली. त्यांतली एक कुमुद शिरगावकर. आणि तो बॅकअप निवडला होता तिच्याच नवऱ्यानं, कंपनीच्या नोंदी सांभाळणाऱ्या दिनकरनं. बारा वर्षांपूर्वी, सगळ्यात भरवशाचा म्हणून.

आता नवा बॅकअप निवडायचं कामही त्याच्याकडेच आलं. शेवटी दोनच सॉफ्टवेअर उरली. एक जुन्याचीच सुधारलेली आवृत्ती. ती प्रत्येक आकड्याची प्रत ठेवायची आणि परत उतरवायला आठ तास घ्यायची. दुसरं 'अनुमानसाठा'. ते सगळ्या प्रती ठेवत नसे. प्रत्येक माणसाच्या नोंदींची घडण तेवढी लक्षात ठेवायचं आणि गरज पडली की तिच्यावरून नोंदी पुन्हा उभ्या करायचं.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर सकाळी त्याची चाचणी झाली.

"अकरा मिनिटं, चार सेकंद," सॉफ्टवेअर कंपनीची इंजिनिअर पूर्वा म्हणाली.

"दिनकरराव, एवढ्या वेळात आपला चहासुद्धा वर येत नाही," त्याचे साहेब इंगवले म्हणाले.

"नोंदी शंभर टक्के जुळल्या, सर."

"कशाशी जुळवल्या?" दिनकरनं विचारलं.

"आमचाच तपासणी प्रोग्राम आहे."

"म्हणजे पेपर सोडवणारा आणि तपासणारा एकच."

इंगवले हसले. पूर्वा हसली नाही.

दिनकरच्या विभागाची एक रीत होती. निकाल कितीही चांगला आला तरी ओळखीच्या एका माणसाची नोंद उघडायची आणि आपल्याला जे माहीत आहे त्याच्याशी ताडून बघायची. एरवी तो शेजारच्या कुणाची तरी नोंद घ्यायचा. आज त्यानं कुमुदचा नंबर टाकला. तो त्याला पाठ होता.

मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. तीन वर्षांच्या ओळी बरोबर होत्या. शेवटची ओळ त्या शुक्रवारची होती. उपचार पूर्ण. चार तास. पाणी काढलं दोन लिटर तीनशे. तक्रार नाही.

दिनकरनं ती ओळ पुन्हा वाचली.

त्या दिवशी कुमुद सकाळी दहाला खुर्चीत बसली होती. दर थोड्या वेळानं ती अंगठा टेकवायची आणि यंत्र लाल दिवा दाखवायचं. साडेपाचला तिला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. यंत्र सुरू झालं तेव्हा सात वाजले होते. 'उपचार झाले नाहीत' असं लिहायला त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती, म्हणून सिस्टरनी ओळ कोरी सोडली होती. तेवढीच एक खरी गोष्ट त्या दिवसाच्या नोंदीत होती.

"ही ओळ कोरी हवी," तो म्हणाला.

"कोरी जागा म्हणजे हरवलेली माहिती, असं ते धरतं, सर. मग त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीनं भरतं."

दिनकरनं ओळ पुसली आणि पुन्हा चाचणी लावली. अकरा मिनिटांनी ती परत आली. त्यानं पुन्हा पुसली. पुन्हा आली. तक्रार नाही.

"उद्या कुणी लग्नाला गेलं, मंगळवार चुकवला, तर?"

पूर्वा म्हणाली, "झाला असं धरेल."

"आणि शुक्रवारी यंत्र पाणी कमी काढेल. तो माणूस धाप लागून मरेल आणि नोंदीत सगळं ठीक असेल."

"असं हजारात एखाद्याच्या बाबतीत होईल, सर."

इंगवले खुर्ची ओढून जवळ बसले. "बाकीच्या चौघांच्या ओळी?"

पूर्वानं उघडून दाखवल्या. सगळ्या भरलेल्या होत्या. त्या शुक्रवारची चौकशी अजून चालू होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. पूर्वानं मान खाली घातली.

"मी ते झाकायला म्हणत नाही हो," इंगवले हळूच म्हणाले. "पण सर्व्हर पुन्हा पडणार. आज नाही तर वर्षानं. तेव्हा चार हजार माणसं आठ तास ताटकळत बसणार. ते बसणं कसं असतं, हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? संध्याकाळपर्यंत सही करा. कशावरही करा."

दिनकर जिना उतरून खाली आला. दुसरी पाळी नुकतीच बसली होती. दाराजवळच्या खुर्चीत मालन चौगुले होत्या, हाताला नळ्या लावलेल्या. तो स्टूल घेऊन त्यांच्याजवळ बसला आणि जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. एक बॅकअप खरं तेच सांगतो, पण आठ तास थांबवतो. दुसरा लगेच येतो, पण जे ठाऊक नाही ते मनानं लिहितो.

"तुम्ही काय घ्याल, मावशी?"

"मला काय कळतंय त्यातलं?" मालनबाईंनी नळीतल्या रक्ताकडं बघितलं. मग त्याच्या तोंडाकडं. "मनानं लिवतंय म्हंजे खोटंच की ओ ते. पर आठ तास कोण जगतंय?"

तो स्टुलावरून उठायला लागला.

"साहेब, एक विचारू? तुमच्या घरातलं कोण बसलंय काय ओ कधी या खुर्चीत?"