पाचवी वाट

"शेवटची लाईन कुणाला देऊ नगंस, सिंधे. सोताला तर न्हायच न्हाय. अडल्या बाईला थांबता येत न्हाय."

सुईण द्वारकाबाईंचं हे बोलणं सिंधूनं हसण्यावारी नेलं. छपन्न सालची गोष्ट. बागाईतदार संघाच्या बारामती कचेरीत ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. तिथून संघाच्या इंदापूर कचेरीला लाइनी तीनच. एके दुपारी तिसरीवर अनोळखी आवाज आला...

"बारामती, मी इंदापूर. नवा इंजिनिअर, रामहरी. लाईन तपासतोय."

"तपासली?"

"नाही नीट... अजून जरा बोला ना."

मग रोज दुपारी लाईन तपासली जाऊ लागली. हेडफोनच्या पट्टीखाली गजरा चुरगळायचा, कान तापायचे, हसू आवरायचं नाही.

आणि तो मंगळवार. दोन लाइनींवर टोमॅटोचे भाव, तिसरीवर हे दोघं. एका मळ्यावरून द्वारकाबाई इंदापूरच्या डॉक्टरांना फोन लावत होत्या. फोन आला की बोर्डावर बारीकशी झडप पडायची. ती पडलेली सिंधूला दिसली सात मिनिटांनी.

बाळ-बाळंतीण वाचली, नशिबानं. द्वारकाबाई एवढंच म्हणाल्या, "लई येळ लावलास, पोरी."

दुसऱ्या दिवशी सिंधूचा आवाज ताठ होता. "इंदापूर, आजपासून या लाइनीवर आपलं बोलणं बंद. कुणाचाच फोन अडणार नाही असा बोर्ड बांधा. मग बघू."

"बघू म्हणजे — काय बघू?"

तिनं बोर्डातून त्याच्या लाइनीची दोरी उपसली.

आठव्या दिवशी तो एस.टी.नं स्वतःच आला. सावळा, धुळीनं माखलेला, बगलेत नव्या बोर्डाचा नकाशा. दोन्हीकडे तीन-तीन फोनांचे गट; मधे त्यांना जोडणाऱ्या चार जोडपेट्या; प्रत्येक गट प्रत्येक पेटीला एकेकाच तारेनं जोडलेला. "एक गुंतली तर दुसरीतून जायचं. अध्यक्ष हिंदुरावही म्हणतात, चार पुरेत."

सिंधूनं खडू उचलला. "माझ्या एका गटातले दोघं बोलतायत, दोन पेट्या गेल्या. तुमच्या एका गटातले दोघं तिसऱ्याच कुणाशी बोलतायत, उरलेल्या दोन पेट्यांतून. आता माझ्या गटातल्या तिसऱ्यानं तुमच्या तिसऱ्याला गाठायचं कसं?"

त्यानं नकाशावर बोट फिरवून वाट शोधली... मग तिच्याकडे बघितलं.

"पाच हव्यात," ती म्हणाली. "एकही कमी नाही. हिंदुरावांशी मी भांडते."

भांडली. पाच बसल्या.

नव्या बोर्डावर पहिला फोन त्याचाच. "पाचवी वाट द्वारकाबाईंची. मग माझी कुठली?"

"तुमची फोनवरून नाही. आमच्या दारातून. आबांना विचारायला या."

"येतो... सिंधू." पहिल्यांदाच तो 'बारामती' म्हणाला नाही.

लग्नात द्वारकाबाई पहिल्या पंगतीला होत्या. आता त्या मोरगावला एकट्याच असतात. साऱ्या मुलखाच्या हाकेला धावलेली बाई, पण तिच्या घरी फोन नाही. गणपतीला गेलात तर एवढं करा, त्यांचं दार वाजवा. आणि आतून ओ आली नाही, तर सात मिनिटं थांबू नका.