तांबडीच्या पाठीवरची पिसं

कुंपणाला वळसा घालून मी रानात पोचले, तेव्हा आमची तांबडी कोंबडी एका अनोळखी माणसाच्या घोंगड्यात होती, आणि तो तिच्याशी बोलत होता.

‘गप... गप बाई. गेलं ते मुंगूस. गप.’

कार्तिक सरत आला होता तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. करमाडजवळच्या आमच्या वस्तीवर दिवसभर बारीक भुरभुर चालायची. परसात कालवा उठला म्हणून मी धावले होते, हातातला तांब्या फेकून मुंगसाला हाकललं होतं, पण भेदरलेली तांबडी उडून कुंपणापलीकडं पडली होती. त्यानं वर पाहिलं. त्याच्या पापण्यांवर भुरभुरीचे थेंब होते.

‘आक्का, कोंबडी तुमची का?’

‘आमची नाय. म्हसोबाची हाय.’

‘मग म्हसोबालाच बोलवा. पाठ फाटलीय हिची.’

हा भिकन. त्या हिवाळ्यात माझ्या वडलांनी खतासाठी ज्या धनगरांची मेंढरं रानात बसवली होती, त्यांच्यातला. मी थट्टेवर हसले नाही, कारण पंखाखालची कातडी लोंबत होती आणि आतलं मांस दिसत होतं. आणि ती खरोखरच म्हसोबाची होती.

रझाकारांच्या धामधुमीत आम्ही गाव सोडून सरहद्दीपलीकडं, येवल्याच्या बाजूला पळालो होतो. तिथल्या एका शेतकऱ्यानं आम्हांला गोठ्याशेजारची खोली दिली, आपल्या चुलीवरचं वाढलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परतलो. निघताना वडलांनी त्याच्या मुलासाठी माझा शब्द दिला. घराची चौकट शाबूत दिसली तेव्हा आईनं म्हसोबाला कोंबडीचा नवस बोलला, साळूच्या, म्हणजे माझ्या, हळदीआधी देईन म्हणून. पुढं अंगणात तांबडी वाढली, तिला आईनं हळदीचं बोट लावलं, आणि ती देवाची झाली. देवाच्या नावानं सोडलेली कोंबडी बदलता येत नाही, आणि तिच्या अंगाला खोट चालत नाही.

आई, द्वारकाबाई, ती जखम पाहून ओट्यावर खालीच बसली.

‘ही धड झाल्याबिगर पोरीला हळद लावायची नाय,’ ती म्हणाली.

लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. वडलांनी येवल्याला निरोप धाडला, माघात बघू. माघ हा शब्द ऐकून मला का कोण जाणे, हलकं वाटलं. नवरा मुलगा मी धड पाहिलाही नव्हता.

आईनं पाणी उकळून कोमट केलं, त्यात मीठ टाकलं. भिकननं जखमेभोवतीची पिसं एकेक करून उपटली. मग सुईकडं बघत बसला.

‘मेंढरू असतं तर शिवलं असतं. ही कातडी कांद्याच्या पापुद्र्यावानी. माझ्या हातानं फाटंल.’

‘मग मी शिवते.’

‘चोळी नाय ती, आक्का.’

‘चोळी असती तर तुमाला विचारलं नसतं.’

तो हसला. तांबडीच्या डोक्यावर त्यानं फडकं टाकलं, तशी ती अंधारात गप झाली. त्यानं कातडीच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या आणि मी उकळलेल्या दोऱ्यानं टाके घालू लागले. एका बाजूला माझी सुई, दुसऱ्या बाजूला त्याचा अंगठा. मी सुई घाईनं ओढली.

‘दमानं... ती कुठं पळत नाय.’ आणि जरा थांबून, अगदी हळू, ‘मी बी नाय.’

आई चुलीपाशी हळद कालवत होती. तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं.

रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या टोचून मारतात, म्हणून तांबडीला माजघरात वेगळ्या, बांबूच्या डाल्याखाली झाकून ठेवलं. मी तिला भिजवलेल्या कण्या हातावर चारायची, चमच्यानं पाणी पाजायची. मेंढरं आमच्या रानातून शेजारच्या रानात गेली, मग त्याच्याही पुढं गेली, पण भिकन जखम बघायला येतच राहिला. एकदा माशा बसून जखमेच्या कडेला अळ्या धरल्या. तो तसाच निघून गेला आणि ओलाचिंब होऊन सीताफळाचा पाला घेऊन आला. पाला ठेचून त्याचा रस आम्ही दोघांनी थेंबथेंब सोडला. एकेक अळी बाहेर पडली. मी तोंड फिरवलं नाही.

‘दुसरी पोरगी पळाली असती,’ तो म्हणाला.

‘कुठं पळणार? दारात तुमी बसलाय.’

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यानं मला आक्का म्हणणं सोडून दिलं होतं. साळूही म्हणत नव्हता. काहीच म्हणत नव्हता. नुसतं ‘पाणी द्या’, ‘इकडं बघा’. त्या रिकाम्या जागेत काय होतं, ते आम्हां दोघांनाही कळत होतं.

टाके निघाले. खपली धरली. तांबडी अंगणात उन्हाचा कवडसा शोधत चालू लागली आणि माझा जीव खचत चालला. आई रोज तिची पाठ चाचपायची. पिसं फुटली की म्हसोबा, म्हसोबा झाला की हळद.

मी एकदा विहिरीपाशी त्याला विचारलं, ‘बरी व्हायची एवढी घाई कोणाला हाय?’

‘कोंबडीला,’ तो म्हणाला.

मी घागर भरून काठावर ठेवली. मग म्हणाले, ‘खपली जरा नखानं निघाली... तर?’

तो काठावर वाकून पाण्यात बघू लागला.

‘माझ्या मनात आलं नसंल का? रोज येतंय. डालं उचलतो तवा रोज येतंय. पण ती हात लावला की मान माझ्या मनगटावर टेकवती...’ त्यानं मनगट उलटं करून बघितलं. ‘हात व्हईना बघा.’

एवढंच. माझ्या आयुष्यात मला कोणी दिलेली प्रेमाची कबुली म्हणजे एवढीच. मी भरलेली घागर तशीच विहिरीत ओतली आणि परत शेंदायला सुरुवात केली, म्हणजे जरा वेळ मिळेल.

पौष लागला आणि पिसं फुटली. कोंबच पांढरे होते. आधी वाटलं वाळलेल्या खपलीचे पापुद्रे असतील. पण पिसं उलगडली, आणि तांबड्या पाठीवर, टाक्यांच्या ओळीत, शुभ्र पांढरा पट्टा उमटला. जखमेवर पिसं कधीकधी अशी पांढरी येतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र वाटलं, म्हसोबानंच माझं ऐकलं. आता ही खोट कुणाला लपवता येणार नव्हती.

म्हसोबाचा भगत सांडूबाबा आला. त्यानं तांबडीला हातात धरून फिरवलं.

‘ही नाय चालायची,’ तो म्हणाला.

आईनं डोळ्यांना पदर लावला. भिकन दाराबाहेर घोंगडं पांघरून उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर जे होतं, ते माझ्याही तोंडावर असणार.

‘मग पोरीचं कसं, बाबा?’ वडलांनी विचारलं.

‘पोरीचं काय त्यात? देवानं कोंबडी माघारी दिली. नारळ फोडा, मोकळे व्हा. माघात उरकून घ्या.’

इतकं सोपं होतं ते. ज्या नेमाला मी दोन महिने धरून लोंबकळत होते, तो म्हाताऱ्यानं पान थुंकता थुंकता सोडवला.

संध्याकाळी वडील माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना कळलं होतं का, मला माहीत नाही. ‘साळू,’ ते म्हणाले, ‘त्या माणसानं दार उघडं ठेवलं नसतं, तर आपुन आज हितं नसतो.’

ते खरंच होतं. ज्या घरानं माझ्या आईबापाला जगवलं, त्या घराला नाही म्हणायला माझ्याकडं तोंड नव्हतं. आणि नाही म्हणून तरी काय, धनगराच्या वाड्यावर, त्या फिरत्या तळावर, मला कुणी जाऊ दिलं असतं?

देवानं माघारी दिलेली कोंबडी घरात ठेवायला आई तयार नव्हती. धनगरांचा तळ हलला त्या सकाळी मी तांबडीला पदराखाली घेऊन बांधावर गेले. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती. मेंढरं पुढं निघाली होती, घोड्यावर घोंगड्या, भांडी, कोकरं लादलेली होती.

‘हिला सांभाळा.’

‘सांभाळीन.’ त्यानं तिला घेतलं. बोटं बोटांना लागली, जरा थांबली. ‘टाके चांगले घातले तुमी. कुठं वढलं गेलं नाय.’

तांबडी घोड्यावरच्या ओझ्यावर चढून बसली. वळणापर्यंत ती पांढरी पिसं मला दिसत होती.

माघात माझं लग्न झालं. नवरा सरळ माणूस होता. त्यानं मला कधी दुखवलं नाही, आणि मीही संसार मन लावून केला.

पुढच्या साली माहेरपणाला निघालो. नगरसोलला गाडीत बसलो. लासूर स्टेशनला गाडी थांबली, तो बाजाराचा दिवस होता, फलाटावर गर्दी. खिडकीशेजारून एक घोंगडं गेलं, थांबलं, मागं आलं. त्याच्या हातातल्या टोपलीत एक तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली, तांबडी.

‘कोंबडी केवढ्याला रं?’ नवऱ्यानं विचारलं.

‘इकायची नाय ती, मालक.’ भिकननं तलंग खिडकीतून आत धरली. माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, ‘घ्या, आक्का. तुमच्या तांबडीची हाय.’

‘ओळखीचा दिसतोय,’ नवरा मला म्हणाला.

‘यांच्या रानात मेंढरं बसवायचो,’ भिकनच बोलला.

मला एवढंच विचारता आलं, ‘तांबडी?’

‘हाय. घोड्यावर बसती. उतरायचं नाव नाय.’

गाडी हलली. नवरा त्याला हात करत होता. मी तलंग मांडीवर घेतली, तिच्या पंखाखालची पिसं बोटानं बाजूला केली आणि शोधू लागले. सगळी पिसं तांबडी होती. खाली कातडी धड होती, कुठं टाक्याची खूण नव्हती.