दादाच्या बेसच्या तारा

ही गोष्ट खरी आहे. मी विज्ञान शिकलेली, जे मोजता येतं तेवढंच मानणारी. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि शेवट मी स्वतः पाहिलाय.

रात्र नव्हती. मंगळवारची भर दुपार होती.

मामाचं गिटार दुरुस्तीचं दुकान एका इमारतीच्या तळघरात आहे. एकच खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात.

सकाळी एक मुलगी बेस गिटार, म्हणजे चार जाड तारांची खर्जातली गिटार, देऊन गेली. तिच्या दादाची. दादा तीन महिन्यांपूर्वी गेला. त्याच्या बँडच्या शेवटच्या गाण्यात बेसचा भाग भरायचा राहिला होता. तो भाग आता ही मुलगी वाजवणार होती. पण आवाज दादाचाच हवा होता.

मामा बाहेर गेला होता. मामीने गिटार ठेवून घेतली आणि चिठ्ठी बांधली : ‘वायर खोचायचा जॅक खरखरतो, तेवढाच बघायचा. तारा नऊ वर्षांच्या आहेत. हात लावायचा नाही.’

मामाने चिठ्ठी वाचलीच नाही. गिटार टेबलावर आली की आधी जुन्या तारा काढायच्या, ही बावीस वर्षांची सवय. त्याने कटर उचलला.

टक. टक. टक. टक.

मग चिठ्ठी दिसली.

“आधी वाचली असती तर काय चष्म्याचा नंबर वाढला असता?” मामी म्हणाली.

मामाचा चेहरा पडला. बेस वाजवणारे काही जण वर्षानुवर्षं तारा बदलत नाहीत. बोटांचा घाम, तेल तारेत मुरतं आणि आवाज त्या माणसाचा होतो. तो आवाज आता केराच्या डब्यात पडला होता.

तेवढ्यात त्या मुलीचाच फोन.

“काका, तारा तशाच आहेत ना?”

“आहेत गं. तू निश्चिंत राहा.”

फोन ठेवल्यावर मामाने मामीकडे पाहिलंच नाही. मामी घरी निघून गेली.

मामाने नव्या तारा चढवल्या. त्यांची चकाकी जावी म्हणून तासभर स्वतःच्या घामट बोटांनी त्या चोळल्या. मग मागच्या नळावर हात धुवायला गेला.

नळ बंद केला... आणि ऐकू आलं.

खरं तर आधी छातीत जाणवलं. खोल, जाड घुमणं.

ताटलीतले स्क्रू थरथरत होते...

गिटार कुठल्याच स्पीकरला जोडलेली नव्हती.

ट्रक जात असेल, असं समजून मामाने खिडकीकडे पाहिलं. पाय होते. चाकं नव्हती.

टेबलावरच्या, सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर आकडा होता, एक्केचाळीस हर्ट्झ. सगळ्यात जाड तार. मग पंचावन्न, शेजारची तार. पुन्हा एक्केचाळीस.

कुणीतरी वाजवत होतं.

मामाने तारांवर तळवा दाबला. आवाज थांबला.

पण तारा... कोमट होत्या.

हात उचलला, तर तळव्यावर चार काळे पट्टे. नव्याकोऱ्या तारांवर, जिथे वाजवणाऱ्याची बोटं पडतात नेमक्या तिथेच, कित्येक वर्षांचा काळा थर चढला होता.

संध्याकाळी ती मुलगी आली. मामा खरं सांगणार होता. अगदी ओठांवर आलं होतं. तिने गिटार मांडीवर घेतली, चार सूर छेडले आणि तिचे डोळे भरून आले.

“काका... हा दादाच.”

मामाने तोंड मिटून घेतलं.

बँडचं ते गाणं महिन्याभराने प्रसिद्ध झालं. गेल्या रविवारी मी मामाकडे जेवायला गेले होते. जेवणानंतर मामा सोफ्यावर झोपला. मामीने मला खुणेने बोलावलं.

“बघ. रोज हेच चालतं.”

मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं पोटावर हलत होती. पहिलं, दुसरं. पहिलं, दुसरं. मामाला गिटार जुळवता येते, पण एक ओळ धड वाजवता येत नाही. तरी त्या दोन बोटांच्या टोकांना बेस वाजवणाऱ्यासारखे घट्टे पडले होते.

बोटं क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. त्याच क्षणी मी कानात ते गाणं लावलं.

एकही ठोका चुकला नाही. चार मिनिटं अकरा सेकंद.

गाणं संपलं.

बोटं थांबली नाहीत. ताल बदलला... एक वेगळंच, नवं गाणं सुरू झालं.

“त्याच गाण्याचं आहे ना गं हे?” मामीने विचारलं.

मी हो म्हणाले.