तिसरा नकार

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे सख्खे काका आहेत. त्यांनी एका बैठकीत, माझ्याकडे एकदाही न बघता, हे सगळं सांगितलं.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे तर नव्हतीच.

गुरुवार होता. दुपारचे पावणेचार. ऊन इतकं लख्ख की मैदानातली वाळू डोळ्यांना टोचत होती.

भुतं दुपारी येत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे न वाचलेलं बरं.

काका एका क्लबात घोडेस्वारी शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. क्लबच्या मैदानात सात अडथळे आहेत, रंगवलेल्या लाकडी दांड्यांचे. घोड्यांना त्यावरून उडी मारायला शिकवायचं, हेच त्यांचं तीस वर्षांचं काम. घोडा उडी न मारता थांबला, की त्याला ते लोक 'नकार' म्हणतात. तीन नकार झाले की घोडा स्पर्धेतून बाद.

"दोन नकार ऐकून घेईन, तिसरा नाही," हे काकांचं लाडकं वाक्य. घोड्यांसाठीही तेच आणि घरच्यांसाठीही तेच. आम्ही हसायचो. मूर्ख होतो.

काकांना एकच मुलगी. आमची ताई. एकोणीस वर्षांची होती, तेव्हा त्याच मैदानात तिचा जीव गेला. पाचव्या अडथळ्यापाशी. त्या वेळी तिथे तिघंच होते. ती, तिचा तपकिरी घोडा आणि काका.

घोडा ऐन वेळी अडला आणि ती डोक्यावर पडली, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं.

"त्या जनावराचं तोंड मला परत दिसता कामा नये," काकी म्हणाली.

आठवड्याच्या आत काकांनी डॉक्टर बोलावून घोड्याला इंजेक्शनने कायमचं झोपवलं. धडधाकट घोडा. थोडा लंगडत होता, एवढंच.

याला दोन वर्षं झाली आणि क्लबने नवी घोडी आणली. राखाडी, पाच वर्षांची, लांबच्या पागेतली. या मैदानात तिने आधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी तिने चार अडथळे फुलासारखे पार केले.

पाचव्यापाशी थांबली.

घोडा अडतो तेव्हा पाय रोवतो, वाळू उडवतो, मान वर झटकतो. ही तसं काहीच करत नव्हती. ही हळूच थांबली. मान खाली घातली. कान पुढे. आणि समोरच्या रिकाम्या हवेत नाक फुरफुरत राहिली... ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

काकांनी टाच मारली. घोडी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाचवा अडथळा उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावला. घोडीने तो सहज ओलांडला. काका खूश झाले. घोडीला वळवून परत घेऊन येताना मधे ती जुनी जागा लागली.

तिथे आता काहीच नव्हतं. नुसती वाळू.

घोडी थांबली.

आणि काकांच्या हातातला लगाम... पुढे ओढला गेला.

हलकेच. घोड्याला तोंडाशी धरून कुणी उभं राहिलं तर बसेल, तेवढाच ताण. घोडीची मान मात्र जागची हलली नव्हती.

तबेल्यात मोतद्दार खरारा करत होता. घोड्यांची निगा राखण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. तो बाहेर येऊन थोडा वेळ बघत राहिला.

"मास्तर, घोडी अडत नाहीये," तो म्हणाला. "तिला कुणीतरी धरलंय."

"तुझं काम कर," काका खेकसले.

काका घाबरले होते का? मी विचारलं. नाही म्हणाले. चिडलो होतो म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. भीती वाटली की चिडायचं, ही त्यांची जन्माची सवय.

मग त्यांनी चाबूक काढला. बुधवारपर्यंत घोडीच्या पाठीवर वळ उठले. मोतद्दाराला ते बघवेना. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो सरळ काकांच्या घरी गेला आणि काकीला सांगून आला.

काकी दोन वर्षांत मैदानाकडे फिरकली नव्हती. त्या दिवशी आली. घरातल्या चपला घालून, तशीच.

काका घोडीवरून उतरून चाबूक घेऊन उभे होते. अडथळा परत जुन्या जागी लावलेला. घोडी त्यापुढे मान खाली घालून उभी.

"अहो, आणखी एक जनावर मारायचंय का?"

काका वळले. त्यांचा हात खाली आला.

"तू घरी जा. तुला यातलं कळत नाही."

"वळ दिसतात मला. तेवढं कळतं."

मोतद्दार कुंपणापाशी येऊन थांबला होता. तबेल्याच्या पत्र्यावर दिवसभर घुमणारी कबुतरं... एकदम गप्प झाली.

आणि घोडीने डावा पाय उचलला.

पुढचा डावा पाय. गुडघ्यात दुमडून वर घेतला आणि तसाच धरून ठेवला. एक मिनिट... दोन मिनिटं...

"हे काय करतेय ती?" काकीने विचारलं.

मोतद्दाराच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पाय दुखतोय का, हे बघताना आम्ही खाली बसून असा पाय हातात घेतो, वहिनी. तेव्हा घोडा असा उभा राहतो." तो कुंपणावरून पुढे वाकला. "पण पाय धरलाय कुणी?"

घोडीच्या पायाखाली ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

तेव्हा काकांच्या तोंडून निसटलं.

"डाव्याच पायाचं म्हणत होती ती."

बोलून गेल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले. उशीर झाला होता.

"कोण म्हणत होती?" काकी पुढे आली. "कधी?"

काका चाबूक गुंडाळू लागले.

"अहो, मी विचारतेय. कोण?"

मग सगळं बाहेर आलं. ताई त्या दिवशी म्हणाली होती, बाबा, आज नको, याचा डावा पाय नीट पडत नाहीये. काका म्हणाले, घोड्याचं नाटक आहे आणि तुझंही. स्पर्धा आठ दिवसांवर होती. घोडा अडलाच नव्हता. काका चाबूक घेऊन अडथळ्याशेजारी उभे राहिले होते, म्हणून त्या दुखऱ्या पायावर बिचाऱ्याने उडी मारली. पलीकडे तो पाय दुमडला आणि घोडा तिच्या अंगावर कोसळला.

काकी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं काका म्हणाले.

"म्हणजे ती नको म्हणाली होती."

"हो."

"किती वेळा?"

काकांनी वाळूकडे बघत सांगितलं, "दोनदा."

आणि तेव्हा आवाज आला. अगदी जवळून. स्वच्छ.

"तीनदा."

ताईचा आवाज.

घोडीने पाय खाली ठेवला. पत्र्यावर कबुतरं पुन्हा घुमू लागली.

काकी त्याच संध्याकाळी बॅग भरून बहिणीकडे गेली, ती आलीच नाही. घोडी क्लबने परत पाठवली. काका अजून शिकवतात, पण मैदानातला तेवढा तुकडा त्यांनी दोरी लावून बंद केलाय.

मला हे सांगून झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तुझ्या काकीनेही ऐकला ना रे तो आवाज? एकदा विचारून ये. मला वेड लागलेलं नाही, एवढं तरी कळू दे."

म्हणून मी काकीकडे गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं ऐकवलं आणि विचारलं, "काकी, तो आवाज पाचव्या अडथळ्याकडून आला का गं?"

तिने हातातली घडी पुरी केली.

"अडथळ्याकडून कुठला? मी यांच्या समोर उभी होते, दोन हातांवर. तोंड यांचंच हललं."

तिने पुढचा कपडा उचलला.

"दोनदा म्हणाले, ते यांच्या आवाजात. आणि लगेच त्याच तोंडून तीनदा... तो आवाज माझ्या लेकीचा होता." ती माझ्याकडे बघून कडवट हसली. "आणि हा माणूस मला विचारतो, ऐकलंस का!"

काकांना मी हे सांगितलेलं नाही. जीभ रेटत नाही. काकीला काही आठवत नाही म्हणे, असं खोटंच कळवून टाकलं.

ते दर रविवारी फोन करतात. गुडघे दुखतात, जेवण एकट्याने जात नाही, नवीन मुलं आळशी आहेत... बोलता बोलता कधी मधेच थांबतात. नुसता श्वास ऐकू येतो.

त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघायच्या आत मी फोन ठेवून देतो.