अकरा-दहाचा कम्प्युटर

मार्चातली गोष्ट. आयला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, हयातीचा दाखला काढायला. म्हंजे माणूस जिता हाय, असा कागद. दरसाल द्यावा लागतो, नाय दिला तं म्हातारीचा निराधारचा पगार बंद. आय समोर उभी, खोकते, तंबाखू मागते. तरी कागद पायजेच.

"कम्प्युटर चालू होत नाय," उमेश बोलला. उमेश म्हंजे तिथला नवा ऑपरेटर. "जव्हारची एसटी येऊ दे. मंग होईल."

"तुझा कम्प्युटर डिझेलवर चालतो काय रे?"

तो हसला नाय. अकरा-दहाला फाट्यावर हॉर्न वाजला, अन कम्प्युटरचा डबा आपोआप घुर्र करून चालू! पण आयचा अंगठा मशीनवर उमटंना. नाचणी लावून लावून बोटाच्या रेषाच गेल्यात. उमेश बोलला, "शुक्रवारी या. शेवटची तारीख हाय."

मला संशय उमेशचाच. अकराच्या आत काम करायला नको, म्हणून कुठं खटका बसवला असंल. मी वडाप जीप चालवतो, गाडी सुरू होत नसंल तं कुठं बघायचं ते मला कळतं. दुसऱ्या दिवशी नऊलाच पक्कड, टेस्टर घेऊन गेलो. प्लग बघितला, लाईट येते. टेबलाखाली बघितलं, खटका नाय. डबा खोलला, धूळ फुंकली. आत बटनाची वायरच तुटलेली.

"उमश्या, तुटक्या वायरीवर चालू कसा होतो रे हा?"

तो दाराकडं बघत होता.

वायर जोडली, टेप मारली, बटन दाबलं. काय नाय. दहा वेळा दाबलं. डब्याला लाथ घातली.

"लाथ नको मारू..." उमेश हळूच बोलला. "मंजुषाबाईंचा हाय तो. बारा वर्षं त्याच बसायच्या. रोज एसटीनं यायच्या. घाटात मळमळतं म्हणून हातात लिंबू, हुंगत हुंगत. दिवाळीत जव्हार स्टँडवर गाडीची वाट बघत बाकड्यावर बसल्या... अन बसल्या जागीच गेल्या."

"मंग?"

"मंग काय... येतात."

तेवढ्यात फाट्यावर हॉर्न वाजला. डबा चालू.

तरी मी बोललो, हा नाटकं करतो.

शुक्रवारी एसटीच नाय. गाड्या निवडणुकीच्या कामाला लावलेल्या. बारा वाजले, एक वाजला. डबा मेलेला. उमेश हात मांडीवर ठेवून बसलेला. आय भिंतीला टेकून बोलली, "तुळशीदास, जा ना बाबा, घेऊन ये तिला. बसली असंल बिचारी बाकड्यावर."

मला एवढा राग आला, की सरळ जीप काढली. जव्हार स्टँडवर एक गाडी नाय. बाकड्यापुढं जीप लावली, पुढचं दार उघडलं. लोक बघत होते. "बसा बाई," मी बोललो. "आयचं काम हाय." दार लावून घेतलं. माझीच मला लाज वाटली.

घाटात पहिल्या वळणाला लिंबाचा वास आला. भर उन्हात मानेवर काटा. मी बाजूला बघितलंच नाय. पुढं आमच्या गावच्या पारूनं हात केला. जीप थांबवली. तिनं पुढं वाकून बघितलं अन बोलली, "राहू दे, पुढं बाई बसल्यात. मी मागं बसते."

मी नुसता गिअर टाकला.

ग्रामपंचायतीत पोचलो तं कम्प्युटर चालू. आयचा अंगठा पहिल्याच वेळी उमटला. कागद हातात आला. उमेश पांढरा पडलेला.

"आणलंस खरं... पण संध्याकाळची एसटी बी नाय. आता परत कोण नेणार?"

"जातील त्यांच्या त्या," मी बोललो.

त्या दिवसापासून तो डबा बंदच होत नाय. प्लग काढला तरी नाय. अन रोज अकरा-दहाला एक कागद बाहेर येतो. हयातीचा दाखला. नाव, मंजुषाबाईंचं. खाली, ओळख पटवणारा: तुळशीदास पुंजा. सहीची जागा मोकळी.

उमेशची गचांडी धरली. त्यानं पोरांची शपथ घेतली. मी कागद फाडला. दुसऱ्या दिवशी परत. रोज फाडतो.

कालच्या कागदावर जागा मोकळी नव्हती. अंगठा होता, निळा.

"मी चौथी शिकलोय!" उमेशवर ओरडलो. "मी सही करतो, अंगठा नाय लावत! कोणाचा हाय हा?"

तो माझ्या हाताकडं बघत राहिला.

अंगठा साबणानं घासला, रॉकेलनं घासला, शाई जात नाय. आय बोलते, "लिंबू चोळ, निघंल."

मी घरात लिंबू आणत नाय. तरी अंगठ्याला वास येतोच.