एका बेडीतले दोघे

जेथ्रो कुठे दिसत नाही म्हणता, वकीलसाहेब? जज मागून येतायत ना, मग तोवर शेकोटीपाशी बसा. सांगते.

हिवाळ्याच्या तोंडाशी मी दुकानात दोर आणायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "काय वहिनी, गाय पळते वाटतं?"

"गाय कुठली, नवरा पळतोय," मी म्हटलं.

दुकानातले सगळे हसले, मीही हसले. पण दोर खरोखरच नवऱ्यासाठी होता.

लेमुएल टार्बेट आठवतो? ओकच्या लाकडाची पिंपं बनवत गावोगाव हिंडायचा. आमच्या शेजारच्या ओबेडचं डोकं कुणीतरी फोडलं, आणि हा त्याच्याच गोठ्यात झोपलेला सापडला. वॉबॅश नदीच्या या काठाला तुरुंग कुठला? जज येणार ते पानगळीत. जेथ्रो कॉन्स्टेबल, म्हणून सबंध उन्हाळा कैदी आमच्याच घरी, त्याच्या हाताला जखडलेला. लेमुएलचा डावा हात, जेथ्रोचा उजवा. दोघं मिळून मका खुरपायचे, एका ताटलीत जेवायचे, एका अंथरुणावर झोपायचे. मी वर माळ्यावर. लेमुएल म्हणायचा, "वहिनी, तुमच्यापेक्षा माझाच संसार जास्त झाला की याच्याशी." बरा माणूस होता हो. उन्हाळा सरता सरता मात्र गप्प गप्प झाला. जेवता जेवता जेथ्रोकडे बघत राहायचा. माझ्याशी काही बोलायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. बोलणार कसा, जेथ्रोचा कान सदा त्याच्या तोंडाशी.

कोर्ट गुत्त्यात भरलं. तुम्ही जजच्या शेजारीच होतात. मी मागे चुलीपाशी ज्युरीच्या जेवणाचं बघत होते, त्यामुळे दिसलं काही नाही, नुसतं ऐकलं. लेमुएल म्हणाला, मला बोलायचंय.

"आरोपीला शपथ देता येत नाही," जज म्हणाले. "कायदा आहे. खाली बैस."

"मग माझ्या बाजूनं कोण बोलणार?"

"ज्यानं पाहिलं असेल तो."

बेडी खळखळली. "यानं पाहिलंय," लेमुएल म्हणाला. "विचारा याला."

ज्युरीपासून जजपर्यंत केवढा हशा पिकला तेव्हा. जेथ्रोनं बायबलावर हात ठेवला आणि सांगितलं की मी काही पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी लेमुएलला फाशी दिलं. हातातली बेडी सुटली ती गळ्यात फास पडल्यावर.

त्याच आठवड्यात जेथ्रोच्या उजव्या हाताचं सुरू झालं. जेवताना तो आपोआप बाजूला जायचा, कुणी हिसका द्यावा तसा. मग सगळा माणूसच दाराकडे फरपटत जायला लागला. मनगट सुजून काळंनिळं झालं. "टॅबिथा... तो ओढतोय. मला धरून ठेव..." रात्री डोळा मिटायची त्याला हिंमत नव्हती, म्हणून तो दिवसा झोपायचा. मी त्याचा डावा हात दोरानं माझ्या कमरेला बांधायची आणि कणसं सोलत बसायची. नवरा होता माझा. त्यानं माझ्यापाशी राहावं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी नदीवरून असं धुकं चढलं की अंगण दिसेना. घरात ओल्या ओकच्या ढलप्यांचा वास आला. आमच्याकडे कुणी लाकूड तासत नव्हतं. जेथ्रो झोपेत बोलायला लागला.

"ओबेड... दगड होता तिथं ठेव. हद्द माझी आहे..." मग मुठीनं अंथरुणावर मारलं. परत मारलं. शेवटी अगदी शांतपणे म्हणाला, "बरं झालं, तो गोठ्यात सापडला."

सबंध उन्हाळा लेमुएल शेजारी पडून हेच ऐकत होता. आणि ज्याला ठाऊक त्यालाच कायदा बोलू देत नाही. मला ठाऊक असतं तरी काय, बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असल्या नवऱ्याला मी खाऊ घातलं होतं, त्याच्या सुजल्या मनगटाला चरबी चोळली होती.

तेवढ्यात दोर ताणला. मी बाकासकट दाराकडे सरकले.

"लेमुएलभाऊ..." मी हळूच म्हटलं.

ओढणं थांबलं. कुणीतरी वाट बघत उभं होतं.

मी सुरी घेतली आणि दोर कापला. जेथ्रो झोपेतच उठला, उजवा हात पुढे, आणि धुक्यात शिरला. मी दाराला आडणा घातला. थोड्या वेळानं हाक आली, "टॅबिथा... दार उघड..." ती जवळ येत नव्हती, लांब लांब चालली होती. नदीपाशी बंद झाली. मला रडू आलं नाही. समाधान वाटलं, खरं सांगते.

वाटलं, फिटलं. पण वास गेला नाही. दिवेलागणीला दारापलीकडून कुणी म्हणालं, "वहिनी, अजून थोडे राहिलेत." ज्युरीचा म्होरक्या बर्फ वितळल्यावर नदीत सापडला, हात लांब केलेला.

घोडं आलं वाटतं अंगणात. बसा, मी बघते फटीतून.

जजसाहेबांचंच घोडं आहे. खोगीर रिकामं.

वास आला ना तुम्हालाही? आडणा काढते मी आता. तेवढ्यात एक आठवून सांगा, वकीलसाहेब. त्या दिवशी तुम्हीही हसला होतात?