खंडेनवमीचा बोल्ट

सुमनताईंचं खासगी तपासाचं ऑफिस काळेवाडीत पिठाच्या गिरणीवर होतं, त्यामुळे तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या दुःखावर थोडं पीठ बसायचंच. साक्षीच्याही बसलं. ते झटकायचं तिला भान नव्हतं.

"भीमराजकाका आमच्याच गल्लीतले, आमच्याच कंपनीत कामाला," ती म्हणाली. "मी डिझाइन केलेला क्रेनचा हात इंजिन उचलताना तुटला आणि त्यांच्या पायावर पडला. काल विचारपूस करायला गेले, तर काकूंनी तोंडावर दार लावलं. म्हणाल्या, मशीनला विचारून ड्रॉइंग काढतेस ना, आता मशीनकडूनच पाय आणून दे."

"विचारलं होतंस मशीनला?"

"रोज विचारते. मेल लिहायला, गणित तपासायला. पण हा हात मी स्वतः काढलाय. एआयकडून नुसता पडताळून घेतला." तिने मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. पोलादाची सलग पट्टी, टोकाला हूक. बाकी काही नाही.

"अपघाताच्या वेळी कुठे होतीस?"

"नागपूरला. दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीला जातो. खंडेनवमीच्या आधीच निघालो होतो. परत आले तर कंपनीच्या गेटवरच अडवलं."

नवनाथ, ताईंचा मावसभाऊ आणि ड्रायव्हर, तोंडाने हळहळला. मनातून त्याला वाटत होतं, चूक पोरीचीच. विमा कंपनीतली त्याची नोकरी याच एआयने खाल्ली होती, त्यामुळे त्या शब्दानेच त्याचं डोकं उठायचं.

महाळुंग्यातल्या कारखान्यात डिझाइन हेड सुजितने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"बाई, तुमचं इथे काय काम?"

"चहा प्यायला आले. दिलात तर."

चहा आला नाही. प्रिंट काढलेला एक कागद मात्र टेबलावर आपटला गेला. "हे वाचा. साक्षीने ड्रॉइंग काढायच्या आधी एआयला हे विचारलं आणि तसंच ठोकून दिलं."

मजकूर इंग्रजीत होता. ताईंनी नवनाथसाठी मराठीत वाचला. "पोलादी हात, हुकाशेजारी बोल्टसाठी एक भोक. इंजिन टांगलं तर चालेल का? उत्तर: चालू शकेल." तिथेच कागद संपत होता. खालची कड कात्रीने तिरकी कापलेली.

"खाली काय होतं?"

"फालतू मजकूर."

"हे तिनेच विचारलं कशावरून?"

"ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड फक्त तिच्याकडे आणि माझ्याकडे. मी असल्या गोष्टींना शिवत नाही. अपघात झाला त्याच दिवशी मी तो बदलून टाकला."

"आणि तुटलेला हात?"

"भंगारात गेला. जागा अडवत होता."

खाली मशीनच्या शॉपवर कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "आल्या बघा एआयवाल्यांच्या वकील." ताई तिकडे बघून हसल्या. भिंतीशी देवाची भलीमोठी तसबीर जमिनीवर टेकवलेली होती, वर झेंडूचा सुकलेला हार.

"देव खाली का, शेठ?" त्यांनी मालकाला, दादासाहेबांना, विचारलं.

"टांगायला जागा न्हाई आता. खंडेनवमीला सुजितसाहेबांनी क्रेनच्या हातावरच बसवला व्हता. पूजेला गिऱ्हाईक येणार व्हतं. आमी म्हणलं, तारेनं बांधू. तर साहेब म्हणले, वाकडं दिसतंय."

ताईंनी तसबीर जरा पुढे ओढली. मागच्या लोखंडी पट्टीत जाड बोल्ट अजून लटकत होता.

गाडीत बसल्यावर नवनाथ म्हणाला, "ताई, काही म्हण, पोरीने हुकाजवळ भोक ठेवायला नको होतं."

"कुठे पाहिलंस ते भोक?"

"त्या कागदावर."

"आणि तिच्या ड्रॉइंगवर?"

नवनाथने करकचून ब्रेक दाबला.

"गाडी वळव. आणि साक्षीला बोलावून घे."

सुजितच्या केबिनमध्ये सगळे उभेच होते.

"तिच्या ड्रॉइंगमध्ये भोक नाही," सुमनताई म्हणाल्या. "ते पाडलं खंडेनवमीला, त्या तसबिरीच्या बोल्टसाठी. मग ड्रॉइंगच्या आधी विचारलेल्या प्रश्नात ते आलं कुठून? म्हणजे प्रश्न नंतरचा. साक्षी तेव्हा नागपूरला, भोकाचा तिला पत्ताच नाही. अपघातानंतर तर पासवर्डही बदललेला. उरलं कोण? सुजितराव, हात भंगारात पाठवायच्या आधी तुम्ही तो नीट बघून प्रश्न लिहिलात. इंजिनिअरची सवय हो, माहिती अर्धवट द्यायची नाही. उत्तर मात्र अर्धवट ठेवलंत."

"कशावरून?"

"हाच प्रश्न मी आत्ता गाडीत माझ्या मोबाइलवर टाकला. 'चालू शकेल'च्या पुढे लिहून आलंय, हुकाजवळचं भोक धोक्याचं, तिथूनच तडा जाईल. तुमच्या कागदावर नेमकी तिथेच कात्री लागली."

सुजितने कापलेल्या कागदावर पेपरवेट ठेवला. "गिऱ्हाईकासमोर देव तारेला लोंबकळत ठेवायचा होता का?"

"त्ये ऱ्हाऊ द्या," दादासाहेब म्हणाले. "पोरीचं नाव कशापायी घेतलं?"

"कारण ते पटलं असतं. सगळे आधीच म्हणत होते, मशीनला विचारते म्हणून. आणि पटलंच की. तुम्हालाही पटलं, शेठ."

नवनाथ खिडकीबाहेर बघत राहिला.

"साहेब, तुमी गेटबाहेर व्हा," दादासाहेब म्हणाले. "पोरी, तू उद्यापासून ये."

"उद्याचं उद्या बघू," साक्षी म्हणाली. "आधी काकूंकडे चला. दार तुम्ही वाजवा, शेठ. माझ्यासाठी ते उघडत नाही."

दादासाहेबांनी टोपी उचलली. नवनाथ सगळ्यांच्या आधी खाली उतरला आणि साक्षीसाठी गाडीचं दार उघडून धरून उभा राहिला. माफी मागायची त्याला तेवढीच रीत येत होती.